दाखल-खारीज रजिस्टरातील एका ओळीसाठी

आदरणीय काकू,
सादर नमस्कार.

तुमचे आभार मानणारे हे पत्र तुमच्या घरी येऊनही देता आले असते. परंतु मानेवाड्यातील आपल्या गल्लीत यंदा अकरावीला गेलेली मुले आणि त्यांचे आईवडील यांनाही ते वाचता यावे, म्हणून मी ते सर्वांसमोर लिहीत आहे.

अभियांत्रिकीच्या प्रवेशाच्या दिवशी कागदपत्रे तपासणाऱ्या टेबलावर माझी फाईल उघडली आणि काही मिनिटांतच बंद झाली. माझ्या मागे उभ्या असलेल्या मुलीला माझ्यापेक्षा जास्त पर्सेंटाईल होते, पण तिच्याजवळ जात वैधता प्रमाणपत्राच्या, म्हणजे जातीचा दाखला पडताळून खरा ठरल्याच्या प्रमाणपत्राच्या, अर्जाची केवळ पावती होती आणि तिचे वडील फोनवर कोणाला तरी अक्षरशः विनवण्या करीत होते. तशी वेळ माझ्यावरही येऊ शकली असती. ती आली नाही, याचे कारण तुम्ही आहात.

2023 मध्ये माझी दहावी झाली तेव्हा भेटणारा प्रत्येक जण मला शिकवणी कुठे लावली एवढेच विचारत होता. तुम्ही मात्र बाबांना ऑटो बाजूला लावायला सांगून ओट्यावर बसवले आणि विचारले, "आजोबांचा शाळेचा कागद आहे का घरी?" तुमची सारी नोकरी महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती विभागात गेली होती आणि बारावीच्या निकालानंतर दाखल्यांसाठी धावणारी मुले तुम्ही वर्षानुवर्षे पाहिली होती, म्हणूनच हा प्रश्न तुम्हाला दोन वर्षे आधी सुचला. इतर मागास वर्गाच्या वैधतेसाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो, हे आम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा कळले. आमच्या घरात जातीचा दाखला होता, तेवढा पुरेसा आहे अशीच आमची समजूत होती.

तुमच्या सांगण्यावरून आम्ही काटोल तालुक्यातील आमच्या गावी गेलो. जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापकांनी लोखंडी कपाटातून दाखल-खारीज रजिस्टर, म्हणजे शाळेत आलेल्या-गेलेल्या मुलांची नोंदवही, काढले. त्याची पाने इतकी जीर्ण झाली होती की ते दोन्ही हातांनी, खालून आधार देत एकेक पान उलटत होते. एका पानावर शाईच्या बारीक अक्षरांत आजोबांचे नाव, त्यापुढे पणजोबांचे नाव, जात कुणबी आणि धंदा शेती अशी नोंद सापडली. मी आजोबांना पाहिलेले नाही. बाबांनी त्या ओळीवर बोट टेकवले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. त्या उताऱ्यावर आणि कोतवाल पंजीच्या, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीच्या, नकलेवर माझा पुढचा सगळा अर्ज उभा राहिला. कनिष्ठ महाविद्यालयामार्फत तो श्रद्धानंद पेठेतील सामाजिक न्याय भवनात गेला आणि बारावीची परीक्षा सुरू होण्याआधीच वैधता प्रमाणपत्र माझ्या हातात आले.

तुम्ही दिलेली निळी कापडी फाईल आजही माझ्या कपाटात आहे. प्रत्येक दाखल्याच्या पाठीमागे तुम्ही पेन्सिलीने त्याची मुदत लिहिली होती. नॉन-क्रीमीलेअरच्या, म्हणजे कुटुंब उन्नत गटात मोडत नाही या दाखल्याच्या, मागे "31 मार्च 2026 पर्यंत वैध हवे" असे लिहून तुम्ही खाली दोन रेघा ओढल्या होत्या, कारण जुन्या प्रमाणपत्राची मुदत प्रवेशाच्या आधीच संपत होती आणि ते आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आले नव्हते. अधिवासाचा दाखला, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, आधार आणि गुणपत्रिकेवरील नावाचे स्पेलिंग, हे सारे तुम्ही एखाद्या घरच्या कार्याच्या याद्यांप्रमाणे सांभाळले.

पैशाबाबत तुम्ही जे केले त्याबद्दल मला अधिक लिहायला हवे. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाची प्रत तुम्हीच आम्हाला वाचून दाखवली: कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या, इतर मागास वर्ग, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक आणि सामाजिक व शैक्षणिक मागास वर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क यांचा पन्नास टक्क्यांऐवजी शंभर टक्के लाभ मिळणार होता. आई ऐकतानाच रडू लागली. तुम्ही तिचे डोळे पुसले, पण लगेच सांगितलेत की हा लाभ केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या फेऱ्यांतून मिळालेल्या जागेलाच आहे, महाविद्यालय स्वतः भरते त्या व्यवस्थापन कोट्यातील जागेला नाही, आणि विकास शुल्क, पुस्तके व येण्याजाण्याचा खर्च आपल्यालाच उभा करावा लागेल.

हे वाक्य वर्षभराने आमच्या कामी आले. सीईटीच्या, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या, निकालानंतर एका महाविद्यालयाच्या प्रतिनिधीने बाबांना फोन करून पन्नास हजार रुपये भरून जागा आताच निश्चित करा, नंतर मिळणार नाही, असे सांगितले. बाबा घाबरले होते. आईच्या शिलाईच्या पैशांतून जमवलेली रक्कम काढायला ते दुसऱ्या दिवशी बँकेत जाणार होते. रात्री साडेनऊला आम्ही तुमचे दार वाजवले. तुम्ही जेवण अर्धवट ठेवून बाहेर आलात आणि एवढेच म्हणालात, "भाऊ, एक रुपयाही देऊ नका. पोरीला फेरीतून मिळते." तुमच्या त्या एका शब्दावर बाबा थांबले.

आणखी एक गोष्ट. अभियांत्रिकीची गुणवत्ता यादी सीईटीवर लागते, म्हणून आमच्या वर्गातील पुष्कळ मुलांनी बारावीच्या बोर्डाकडे पाठ फिरवली होती. केंद्र सरकारची शिष्यवृत्ती बोर्डाच्या गुणांवर, म्हणजे आपल्या शाखेत 80 पर्सेंटाईलच्या वर असणाऱ्यांना मिळते, उत्पन्नाची मर्यादा साडेचार लाख आहे आणि पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत दरवर्षी 12,000 रुपये मिळतात, हे तुम्ही आम्हा मैत्रिणींना सांगितले. ती आणि राज्याची शुल्कमाफी एकत्र घेता येत नाही, तेव्हा मला शुल्कमाफीच फायद्याची होती. माझ्या मैत्रिणीने मात्र बीएस्सीला प्रवेश घेतला आणि तिच्यासाठी तेच 12,000 रुपये मोलाचे ठरले. तिच्या वतीनेही या पत्रात तुमचे आभार.

पसंतीक्रम भरताना तुम्ही शाखा निवडण्याचा निर्णय पूर्णपणे माझ्यावर सोपवला. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर तो स्वीकारावाच लागतो, म्हणून ज्याचा पश्चात्ताप होणार नाही तेच नाव वर लिही, एवढेच तुम्ही बजावले. मी इलेक्ट्रॉनिक्स लिहिले.

महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावरचा अर्ज भरण्यापूर्वी तुम्ही माझे आधार कोणत्या बँक खात्याशी जोडलेले आहे हे तपासायला लावले. ते शाळेत असताना उघडलेल्या आणि केव्हाच बंद पडलेल्या खात्याशी जोडलेले निघाले. नवीन खाते जोडून झाले, अर्ज मंजूर झाला आणि पहिला हप्ता जमा झाल्याचा संदेश आला, तेव्हा मी वर्गात होते. मधल्या सुट्टीत मी आईच्या आधी तुम्हाला फोन केला होता, हे आईला मी आता सांगितले आहे आणि तिला त्याचा आनंदच वाटला.

फाईलमधील माझे कागद काढून घेऊन ती पुढच्या रविवारी तुम्हाला परत आणून देते. गल्लीच्या टोकाच्या घरातील मुलाला तुम्ही त्याच दिवशी बोलावले आहे, असे आई म्हणाली. त्याच्या आजोबांचे गाव नरखेडकडचे आहे. तुमची हरकत नसेल तर त्याच्या बाबांसोबत शाळेत जाऊन रजिस्टर पाहण्याचे काम मी करीन. उताऱ्यासाठी अर्ज कसा लिहायचा, हे तुम्ही शिकवलेले मला पाठ आहे.

तुमची कृतज्ञ,
समोरच्या घरातील मुलगी
नागपूर