भरलेली बोट तपासा, साहेब

मा. बंदरे मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स. न. वि. वि.

बोट गेली म्हटलं की आपल्याकडे १७ जुलै १९४७ची ‘रामदास’ आठवते. तिला खवळलेल्या समुद्राने गिळलं. मी लिहितोय ते जळालेल्या बोटीबद्दल, तेही अमेरिकेतल्या.

‘लेक्सिंग्टन’ ही माणसं आणि माल दोन्ही नेणारी लाकडी आगबोट. १३ जानेवारी १८४० रोजी ती न्यूयॉर्कहून स्टोनिंग्टनला निघाली, तेव्हा डेकवर धुराड्यालगत कापसाच्या सुमारे दीडशे गाठी रचल्या होत्या. संध्याकाळी धुराड्याभोवतीचं लाकूड पेटलं, मग गाठी. सुकाणूचे दोर जळाले. आगीमुळे इंजिनापर्यंत पोचता येईना, त्यामुळे बोट थांबेना आणि घाईने सोडलेल्या होड्याही गेल्या. बादल्या पुरेनात म्हणून लोकांनी चांदीच्या नाण्यांच्या पेट्या डेकवर रित्या करून त्या पेट्यांनीच पाणी मारलं! सुमारे १४० जणांपैकी चौघे वाचले. त्यांतला डेव्हिड क्राउली ४३ तास एका गाठीवर तरंगत राहिला. थंडीने मरू नये म्हणून त्याने त्याच गाठीतला कापूस उपसून कपड्यांत कोंबला होता.

तपासणी झाल्याचा दाखला या बोटीकडेही होता. मृत्यूंची चौकशी करणाऱ्या कोरोनरच्या ज्युरीने तो देणाऱ्या निरीक्षकांवरही ठपका ठेवला.

माझं गाऱ्हाणं इथंच आहे. गेल्या महिन्यात मुंबई बंदरातल्या एका लाकडी लाँचने आलो. इंजिनाच्या झाकणाला टेकून दोन मोटारसायकली, टाकीतल्या पेट्रोलसकट. त्यांना खेटून पुठ्ठ्याची खोकी. खोक्यांवर एक आजी बसलेली, कारण बाकांवर जागा नव्हती. लाइफ जॅकेटं छताखाली नायलॉनच्या दोरीने आवळलेली. गाठ ओढून पाहिली, नख तुटलं पण ती सुटली नाही. खलाशी पोरगा हसून म्हणाला, “काका, ती सर्व्हेच्या दिवशी सोडतो.”

त्या दिवशी मोटारसायकली तिथे नसणार, खोकी नसणार, आजीही नसणार. मग तपासलं काय?

तेव्हा आपला माणूस न कळवता धक्क्यावर पाठवा. तिकिटं संपल्यावर, लाँच सुटायच्या पाच मिनिटं आधी. इंजिनाभोवती पिवळा पट्टा आखून द्या. पट्ट्याच्या आत सामान दिसलं तर दोर सोडू देऊ नका. आणि जॅकेटाची गाठ त्याने स्वतः सोडून पाहावी, घड्याळ लावून.

गणपतीच्या आधी झालं तर बरं. तेव्हा चाकरमानी वाढतात आणि सामानही.

आपला,
एक नेहमीचा प्रवासी