जावळाची लोकर

फलटण,
१२ फेब्रुवारी

प्रिय शैला,

तू आजी होणार हे वाचून मी एकटीच घरभर फिरले. सांगायला घरात कोणी नव्हतं, म्हणून कुकरला सांगितलं. त्याने शिट्टी दिली.

पण पत्रातलं पुढचं वाक्य वाचलं आणि जरा खाली बसले. "तू काततेस ती लोकर अर्धा किलो पाठव, बाळाचं पहिलं स्वेटर तिचंच विणीन." अगं, माझ्या लोकरीला अशी मागणी आजवर कोणी घातली नाही. क्षणभर हरभऱ्याच्या झाडावर चढलेसुद्धा. मग उतरले. लोकर पाठवत नाही. राग मानू नकोस. का पाठवत नाही ते सांगायला हे पत्र लिहितेय. लांबणार आहे, तेव्हा चहा घेऊन बस.

आधी एक कबुली. हॉस्टेलात आपण दोघींनी जे मोरपंखी स्वेटर विणलं, तू मागचा भाग आणि मी बाह्या, त्याचा एक धागा मी परवा काडी लावून जाळला. वितळला. टोकाला काळा कडक मणी झाला, वास प्लॅस्टिकचा. खरी लोकर जाळली की केस जळल्यासारखा वास येतो आणि तिची राख चिमटीत चुरते. म्हणजे आयुष्यभर "लोकर आणायला चाललेय" म्हणत आपण दुकानातून ॲक्रिलिक आणलं. सुलट-उलट टाके शिकलो, गोळे गुंडाळले, आईची बोलणी खाल्ली, आणि त्यात मेंढीचा एक केस नव्हता!

खरी लोकर पहिल्यांदा हातात आली ती इथे आल्यावर. आमच्या मागच्या रानात मेंढरं बसली होती. शेतकरी खतासाठी बसवून घेतात, बदल्यात धान्य देतात. दिवाळी झाली की इकडचे वाडे, म्हणजे मेंढरं घेऊन फिरणाऱ्या धनगरांचे तांडे, कोकणात उतरतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत घाटावर येतात, तसा हा परतीचा वाडा होता. ओढ्यात धुऊन काढलेली मेंढरं एकेक करून आडवी पाडत होते, पाय बांधून कातरत होते. कातरी नुसत्या हाताच्या. खाली काळ्या लोकरीचा ढीग. मी विचारलं, याचं काय करता? मामा म्हणाले, "पूर्वी घोंगडी व्हायची. आता कातरणीची मजुरीबी निघत न्हाई. घेऊन जा." पिशवी भरून घेतली. पैसे देऊ लागले तर हसले. शेवटी मामींच्या हातात कोंबले.

ही दख्खनी मेंढी. काटक, कोरड्या रानात मैलोन्‌मैल चालणारी, बहुतेक काळी, मधूनच करडी नाहीतर पांढरी. वर्षातून दोनदा कातरायची. पूर्वी धनगरांच्या बायका लोकर कातायच्या आणि सनगर खड्डामागावर घोंगडी विणायचे. ताण्याला चिंचोक्याची खळ. चिंचोके भाजायचे, भिजवायचे, वाटायचे आणि शिजवून त्याची लापशी सुतावर कुंच्याने ओढायची, म्हणजे केस बसतात आणि मागावर धागा तुटत नाही. नवीन घोंगडी कडक का असते हे मला त्या खळीमुळे कळलं. मी आपली समजत होते की धनगर लोक काटकच म्हणून पांघरतात. आता मटणाला भाव आहे, लोकरीला नाही. म्हणून जत भागातली माडग्याळ मेंढी सगळ्यांना हवी असते. अंगाने थोराड, वाढ झपाट्याने, आणि लोकर म्हणाल तर नावाला. त्यांचं काही चुकतंय असं म्हणायची माझी हिंमत नाही. त्यांना पोरं शिकवायची आहेत, मला छंद आहे.

तर पिशवी घरी आली. पहिली धुलाई विसरणं शक्य नाही. लेंडी, कुसळं, बाभळीचे काटे आणि दोन गोचीड, त्यातला एक जिवंत. चार किलोची सव्वातीन किलो राहिली. रिठ्याच्या कोमट पाण्यात बुडवून ठेवायची आणि हात घालून ढवळायची नाही, एवढा एकच नियम. का ते पुढे येतं.

कातायला आजोबांचा पेटीचरखा काढला. गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात असताना जो घडवला तो, येरवडा चक्र म्हणतात ना, तोच. मला वाटलं, घरात चरखा आहे, लोकर आहे, झालं. पहिल्या दहा मिनिटांत रडकुंडीला आले. तो बनवलाय कापसासाठी. कापसाचा तंतू आखूड, त्याला भरपूर पीळ लागतो, म्हणून चाती, म्हणजे पीळ देणारी सळई, भिरभिर फिरते. लोकरीच्या लांब केसाला एवढा पीळ चढला की धागा स्वतःभोवतीच वळसे घेतो, जुन्या फोनच्या वायरीसारखा. मग जड चकतीची टकळी घेतली. हातातून सुटली की फरशीवर आपटायची, खालच्या मजल्यावरून निरोप यायचे. शेवटी पायाने चालवायचा चरखा मिळवला, उत्तराखंडात लोकर कातायला वापरतात तो, बागेश्वरी. त्यावर माझा हात बसला. लोकर पिंजून तिचा पेळू, म्हणजे सैलसर गुंडाळी, करायचा, उजव्या पिळाने दोन धागे कातायचे आणि ते दोन पेड एकमेकांवर डाव्या पिळाने घालायचे. उलटा पीळ बसला की धागा शांत होतो. शैला, तो शांत होण्याचा क्षण मला अजून आवडतो. लडी हातात धरून सोडायची. वळली नाही, नुसती लोंबत राहिली की समजायचं, जमलं.

रंगाची गंमत तुला आवडेल, तू होळीला पळसाची फुलं उकळायचीस. काळ्या लोकरीवर रंग दिसतच नाही. निळीत बुडवलेली लडी दिवसभर वाळवून मी सगळ्यांना दाखवत होते आणि सगळे "छान काळी आहे" म्हणत होते. पांढरी आणि करडी वेगळी काढून मग खरी सुरुवात झाली. लोकरीच्या किलोला सव्वाशे ग्रॅमच्या आसपास तुरटी, तासभर मंद आचेवर. मग डाळिंबाची साल रसवाल्याकडून, कांद्याची साल मेसमधून, झेंडू दसऱ्यानंतर दारोदारचा. गावात माझी कीर्ती काय झाली असेल ते तू ओळख. मंजिष्ठा काष्ठौषधीच्या दुकानातून आणली. ती उकळायची नाही. बोट घालवेल न घालवेल इतपत पाणी गरम ठेवलं तर लाल येतो, खळखळ उकळी फुटली की वीट. पहिल्या तीन वेळा माझी वीटच झाली, कारण मधेच फोन. गंजके खिळे आणि गूळ पाण्यात घालून दोन-तीन आठवडे ठेवले की जे लोहपाणी होतं, त्याचे चार थेंब डाळिंबाच्या पिवळ्यावर टाकले तर ओल्या दगडासारखा करडा येतो. पाचवा थेंब टाकायचा मोह आवरायचा. जास्त लोखंडाने लोकर ठिसूळ होते.

निळीने मात्र मला धडा शिकवला. सुती कापडाची कृती लोकरीला वापरली. त्यात कॉस्टिक होतं. रात्रभर लडी पिंपात. सकाळी झाकण काढलं तर लडी नव्हती, शेवाळासारखं काहीतरी बोटांतून निसटत होतं. लोकर म्हणजे केस, आणि आपण तुंबलेल्या मोरीतले केस कशाने विरघळवतो? मला हे आधी सुचायला हवं होतं, एवढी वर्षं मोरी साफ करतेय. आता चुना आणि गुळाचं पिंप लावते. तेही आम्लारीच, पण जरा सोशिक. लडी आत अर्धा तासही ठेवत नाही. बाहेर येते तेव्हा पोपटी असते आणि हवा लागली की डोळ्यांदेखत निळी होत जाते. शेजारची मुलं हे बघायला येतात.

मागच्या ऑक्टोबरात पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेला गेले होते. तिथे भंडारा, खारीक-खोबरं उधळतात हे ऐकून होते, पण लोकरही उधळतात ग! पिवळ्या ढगात काळ्या लोकरीचे पुंजके. घरी येऊन केस झाडले तर एक पुंजका निघाला, भंडाऱ्याने पिवळाजर्द. खिडकीत ठेवला. महिन्याभरात हळद उडाली आणि पुन्हा काळा. लोक मला हळदीने रंगवून द्या म्हणतात तेव्हा तो दाखवते.

आता मुद्द्याचं. दोन वर्षं मी ही लोकर मऊ करण्यात घालवली. शिकेकाई, रिठा, खोबरेल तेल, अगदी केसांचं कंडिशनर. जे मऊ झालं ते तेल होतं, लोकर नव्हे. मेरिनो या मऊ लोकरीच्या मेंढीचा केस साधारण १८ ते २४ मायक्रॉन जाड, आपल्या दख्खनीचा त्याच्या दुप्पट आणि वर. तीसच्या पुढे गेला की केसाचं टोक कातडीला लागल्यावर वाकत नाही, टोचतं. तेल लावून टोक वाकत नाही. तू म्हणशील जावळाची लोकर घे. घेतली. कोकराची पहिली कातरण, तिला जावळच म्हणतात, आपल्या बाळाच्या जावळासारखं. सगळ्यात मऊ, जावळाची घोंगडी म्हणजे मानाची. मी तिचा धागा कातला, दुपेडी केला, वीतभर पट्टी विणली आणि दिवसभर गळ्यात बांधून स्वयंपाक केला. संध्याकाळी गळ्यावर लाल पट्टा. माझी मान बावन्न वर्षांची आहे. बाळाच्या मानेवर हे घालू?

स्वेटरचा हट्ट सोडला तेव्हा ही लोकर मला जरा कळू लागली. तिच्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के बाष्प ती पोटात घेते तरी हाताला ओली लागत नाही. भर पावसात घोंगडीची खोळ करून धनगर उभा राहतो तो उगाच नाही. मग मी जेन करायला घेतली. जेन म्हणजे न विणलेली, दाबून घट्ट केलेली लोकर, नमद्यासारखी. लोकरीच्या केसावर बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि चोळणं मिळालं की ते एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. म्हणूनच धुताना ढवळायचं नाही. जुने लोक पायाने तुडवून करतात. मी गच्चीवर बांबूच्या चटईवर पिंजलेली लोकर एक थर उभा, एक आडवा अशी मांडते, गरम पाणी शिंपडते, गुंडाळते आणि लाटते. लाटते म्हणजे तास न्‌ तास. नंतर वर उभी राहून तुडवते. सुनबाई म्हणते, व्यायाम वेगळा नको. जाड केस लवकर अडकत नाहीत, म्हणून मधल्या थरात जावळ घालते, ते बाकीच्यांना धरून ठेवतं. साडेचार फुटांची मांडली ती तीन फुटांची उरली. कडा वाकड्या, मधे मंजिष्ठेचा लाल गोल, तोही जरा अंडाकृती. प्रदर्शनात एका बाईंनी विचारलं, हा गोल मुद्दाम असा का? मी म्हटलं, हो.

ती जेन तुला पाठवतेय. लेकीच्या बाळंतपणात तू जमिनीवर बसून बाळाला तेल लावणार, मी तुला ओळखते. तेव्हा ती खाली घाल, फरशीचा गारवा लागत नाही. पायाला टोचली तर टोचू दे, तुझे पाय कुठे मऊ आहेत. सोबत जावळाची एक छोटी लडी आहे, न रंगवलेली. तिचं काही विणू नकोस. पुढच्या वर्षी बाळाचं जावळ काढाल, ते ठेवायला एक पुरचुंडी लागेल, तिला बांधायला धागा होईल.

पार्सल उघडल्यावर जेन एक दिवस उन्हात टाक. कडुलिंबाचा पाला घातलाय, तो फेकू नकोस, कसर लागत नाही. बाळ आलं की कळव, मुलगा-मुलगी काय ते आधी आणि वजन नंतर. तुझ्या आईसारखं उलटं सांगू नकोस.

तुझी,
कुंदा

ता. क. स्वेटरसाठी मेरिनोच घे. पण लेबलवर 'सुपरवॉश' लिहिलंय का ते बघ, म्हणजे केसावरचे ते खवले आधीच निकामी केलेले असतात. तसं नसेल तर तुझी लेक ते पहिल्याच दिवशी मशीनमध्ये टाकेल आणि बाहेर येईल तेव्हा बाहुलीला बसेल.