‘वडील नसल्यास आई’

महोदय,

परवा नातीच्या शाळाप्रवेशाचा अर्ज घरी आला. सहीच्या रकान्याखाली छापले आहे, ‘वडील (वडील नसल्यास आई)’. मी 29 वर्षे एका शाळेच्या कार्यालयात लिपिक होते. याच ओळीवर बोट ठेवून मी कितीतरी आयांना परत पाठवले आहे.

1996च्या जूनमधली एक बाई अजून डोळ्यांसमोर येते. नवरा कुठे आहे, हे तिला तीन वर्षे ठाऊक नव्हते. मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला न्यायला ती तीनदा आली आणि तिन्ही वेळा मी वडिलांची सही मागितली. शेवटच्या खेपेला तिने विचारले, “मग मी त्याची कोण?” मी काही बोलले नाही. पुढचा अर्ज हातात घेतला.

तिचाच प्रश्न तेव्हा सर्वोच्च न्यायालयात उभा होता, हे मला फार उशिरा, निवृत्तीनंतर कळले. लेखिका गीता हरिहरन यांनी 1984 मध्ये मुलाच्या नावे रिलीफ बाँडसाठी, म्हणजे सरकारी बचत रोख्यांसाठी, रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केला. पालक म्हणून सही आईची, नवऱ्याची पूर्ण संमती. रिझर्व्ह बँकेने कळवले, वडिलांची सही आणा, नाहीतर आईच्या नावे पालकत्वाचे प्रमाणपत्र आणा. कारण 1956च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचे कलम 6: नैसर्गिक पालक ‘वडील आणि त्यांच्यानंतर आई’. याच कलमात पाच वर्षांखालचे मूल सामान्यतः आईच्या ताब्यात असावे असे म्हटले आहे. विवाहबाह्य संबंधांतून जन्मलेल्या मुलाच्या बाबतीत तर आईच पहिली पालक. म्हणजे लग्न झाले की बाईचा क्रमांक मागे जातो! हे वाचून मी रात्रभर अस्वस्थ होते.

गीताताईंची बाजू मांडली ॲड. इंदिरा जयसिंग यांनी. केरळमधल्या ख्रिस्ती मुलींना वारसाहक्क मिळवून देणाऱ्या मेरी रॉय खटल्यातही त्याच वकील होत्या. कलम 6 घटनेतील समानतेच्या विरोधात आहे, ही त्यांची मांडणी. 17 फेब्रुवारी 1999 रोजी निकाल लागला. न्यायालयाने कलम रद्द केले नाही, पण ‘नंतर’ म्हणजे केवळ ‘मृत्यूनंतर’ नव्हे असे सांगितले. वडील मुलाकडे बघत नसतील, दूर असतील किंवा दोघांच्या संमतीने सारे आईकडे असेल, तर ते हयात असतानाही आई नैसर्गिक पालक. माझ्यासमोर उभी राहिलेली ती बाई यात नेमकी बसत होती.

मात्र कलमाचे शब्द तेच राहिले. विधी आयोगाने 1989 आणि 2015 मध्ये दुरुस्ती सुचवूनही संसदेने ते बदललेले नाहीत. कार्यालयातला माणूस निकालपत्र वाचत नाही, समोरचा छापील कागद वाचतो. हे मी अनुभवाने सांगते. राज्यात 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचे नाव लावायचे, हा निर्णय ऐकून फार बरे वाटले होते. मग सहीचा रकाना तसाच का? शिक्षण विभागाने शाळांना एवढेच कळवावे, की तिथे ‘आई किंवा वडील’ असे छापा.

नातीच्या अर्जावरचा कंस माझ्या सुनेने खोडला आणि सही केली. मुलगा शेजारीच बसला होता. अर्ज सोमवारी शाळेत दिला आहे.

आपली,
एक निवृत्त शालेय लिपिक