घर गाडीत, गाडी बोटीत

कांदिवली, मुंबई
५ जानेवारी

प्रिय विन्या,

तुझा फोन आला तेव्हा मी काशीदला एका गाडीखाली उताणा पडलो होतो, म्हणून उचलला नाही. रागावू नकोस, सगळं सांगतो.

नाताळच्या सुट्टीत आम्ही चौघं, मी, स्मिता, मनू आणि आई, कॅम्परव्हॅन भाड्याने घेऊन चार दिवस कोकणात जाऊन आलो. टेम्पो ट्रॅव्हलरच्या सांगाड्यात बसवलेलं घर ते. खाली दोघं, वर दोघं झोपतील अशी सोय, हातभर ओटा, छोटा फ्रिज आणि बाथरूम म्हणायला बाथरूम. भाडं विचारू नकोस. सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं खरं, पण आम्हाला रात्री गाडी लावायला जागा मिळाली ती ओळखीपाळखीनेच.

आईला न्यायचं की नाही यावर दोन दिवस खल चालला. तिचे गुडघे, तिची रात्रीची उठबस. शेवटी मनूनेच निकाल लावला, "आजी नसेल तर वर माझ्या शेजारी कोण झोपणार?" आई त्या शिडीवरून वर चढणं शक्यच नव्हतं, पण हा मुद्दा कुणी काढला नाही.

भाऊच्या धक्क्यावरून आम्ही गाडीसकट रो-रो बोटीत चढलो. २०२० पासून ती मांडव्याला जाते, पण आमचा योग आत्ता आला. मनू म्हणाली, "बाबा, आपण घरात, घर गाडीत, गाडी बोटीत, बोट पाण्यात!" आई शांतपणे म्हणाली, "आणि पाणी कशात गं?" पोरगी तासाभराच्या प्रवासात अर्धा वेळ त्यावर गप्प होती. उरलेला अर्धा वेळ बोटीमागे उडणाऱ्या कुरव पक्ष्यांत गेला. लोक त्यांना वेफर्स टाकत होते. हिचा प्रश्न वेगळाच, "हे रोज अप-डाऊन करतात का? यांचा पास असतो?" शेवटी मुंबईचीच मुलगी!

नागाव-चौलचा रस्ता तुला आठवतो ना, दोन्हीकडून वाड्या अंगावर येतात तो? तिथे एका फांदीने आमच्या छताची चांगलीच खरड काढली. एक मोटारसायकलवाला उतरला आणि "येऊ द्या, येऊ द्या" करत आम्हाला अर्धा किलोमीटर काढून दिलं. पैसे घेतले नाहीत, चहालाही थांबला नाही.

पहिली रात्र काशीदला, एका घराच्या आवारात. दिवे बंद केल्यावर मनू वरून म्हणाली, "समुद्र हायवेसारखा वाजतो, पण याला सिग्नल नाहीये." आमची बिल्डिंग हायवेला लागून, त्यामुळे तिला त्या आवाजात झोप लगेच लागली. मी मात्र तळमळत पडलो.

सकाळी नळाला पाणी नाही. भरलेली टाकी रात्रीत कोरडी. मी मनूवर उखडलो, कारण रात्री दात घासताना तिने नळ सोडून ठेवलेला मी पाहिला होता. ती रडली नाही. व्हॅनभोवती एक चक्कर मारून आली आणि म्हणाली, "बाबा, गाडीला सू झालीये." खाली वाकून बघतो तर टाकीचा कॉक सैल, वाळूवर ओला डाग पसरलेला. भाड्याने देणाऱ्यांनी तपासलाच नव्हता. फोन केला तर म्हणे, "सर, तेवढं जरा घट्ट करून घ्या." म्हणून मी गाडीखाली, आणि तुझा फोन. मनूने माझ्याकडून दोनदा सॉरी वदवून घेतलं. एकदा स्वतःसाठी, एकदा टाकीसाठी.

तिथून पुढे व्हॅन आईच्या ताब्यात गेली. त्या घरच्या विहिरीवरून दोन कळशा आल्या, आणि तिने फर्मान काढलं की नळाला कुणी हात लावायचा नाही. तोंड धुवायला एक तांब्या, भांडी एका टोपात विसळायची, तेच पाणी बाहेर झाडाला. तू तिला बघायला हवं होतंस, विन्या. आम्ही तिघं त्या चार हात जागेत एकमेकांना धडकत होतो, आणि ही चहाला आधण ठेवून, ते उकळेपर्यंत चारही अंथरुणांच्या वळकट्या करून, त्या पाठीशी लावून बसायला सोफा तयार! कुठलीही वस्तू काढायला तिला दुसरी हलवावी लागत नव्हती. वरच्या बर्थला ती पहिल्या दिवसापासून पोटमाळा म्हणत होती, मनूनेही तोच शब्द उचलला.

दिघीला जायला आगरदांड्याला जंगल जेट्टीच्या, म्हणजे गाड्या पलीकडे नेणाऱ्या फेरीबोटीच्या, रांगेत उभे असताना मनूने विचारलं, "आजी, तू आधी व्हॅनमध्ये राहायचीस का?"

स्मिता हसली. मला काही हसू आलं नाही. आई म्हणाली, "व्हॅन नव्हती गं, नायगावची बीडीडी चाळ. एकशे साठ चौरस फूट." मग काय, मनूने माझ्या टूलबॉक्समधला टेप काढून व्हॅन मोजली, आतून बारा फूट बाय सहा. तिचं उत्तर असं आलं, "आजीच्या खोलीत दोन व्हॅन बसतात, वर थोडी जागा उरते." आणि माणसं? आई बोटांवर मोजायला लागली. आजोबा, आजी, दोन काका, आत्या, आम्ही तिघं भावंडं, आई, बाबा. दहा. "आणि रात्री विन्या यायचा अभ्यासाला, तो अकरावा," हे तिने आपणहून जोडलं. "मग विन्याकाका कुठे झोपायचा?" "गॅलरीत. पाय जिन्याकडे करून." तुझी लेक हे वाचेल म्हणून पुढचं लिहीत नाही.

दिवेआगरला एका सुपारीच्या वाडीत मुक्काम झाला. जेवण अप्रतिम, डास त्याहून. हरिहरेश्वरला ओहोटी साधून प्रदक्षिणा केली. समुद्राने कातळ खाऊन जाळी पाडलीये, ती बघून आई म्हणाली, "अनारसा असा पडायला हवा." मनूने एका भोकात बोट घालून खरंच चाखून पाहिलं. खारट निघालं.

परतून आठवडा झाला. आमचा टू बीएचके मनूला आता फार लांब-लांब वाटतो. हाक मारली तर ऐकू येत नाही, म्हणते. बाथरूमवरचा माळा रिकामा करून द्या, मला तिथे झोपायचंय, असा धोशा लावलाय. तिथे बॅगा आणि गणपतीचं मखर आहे, ते कुठे ठेवू?

आता तुझ्याकडे एक काम. तिला आजीची खोली बघायची आहे. आमच्याकडे आतला एकही फोटो नाही, सगळे गॅलरीतले नाहीतर गच्चीतले. तुझ्या ताईच्या लग्नात बायकांचं जेवण आमच्या खोलीत वाढलं होतं ना? त्या अल्बममध्ये पोटमाळ्याची शिडी दिसत असेल तर तेवढा फोटो मोबाइलवर काढून पाठव. पंगतीतल्या बायका कापू नकोस. मनूला माणसंही मोजायची आहेत.

वहिनींना नमस्कार, पोरीला आशीर्वाद.

तुझा,
बाळ्या