जुनी गाडी घेण्यापूर्वी : लेकीस पत्र

सोलापूर

चि. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू सांगितल्याप्रमाणे विजापूर रस्त्यावरची रुपेरी आणि होटगी रस्त्यावरची पांढरी, अशा दोन्ही गाड्या आपल्या नेहमीच्या मेस्त्रींना बरोबर नेऊन पाहून आले. कमी चाललेली, चकचकीत आणि किमतीलाही उतरती म्हणून तुझा ओढा रुपेरीकडे आहे, हे मला ठाऊक आहे. माझे मत मात्र पांढरी घ्यावी असे आहे, आणि फोनवर घाईने सांगण्यापेक्षा त्यामागची कारणे सविस्तर लिहून कळवते.

रुपेरी गाडी २०१८ची असून तिचे रीडिंग ३१ हजारांचे आहे. टायरच्या कडेवर एका लंबगोलात चार आकडे उठवलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तिच्या चारही टायरांवर १४२२ असे होते, म्हणजे ते २०२२च्या चौदाव्या आठवड्यातले, आणि डिकीतली स्टेपनी तेवढी २०१८ची. छोट्या गाडीचे टायर नीट वापरले तर ४० हजार किलोमीटर सहज निघतात. मग एवढ्या कमी चाललेल्या गाडीचे चारही टायर त्याआधीच का बदलावे लागले, याचे समाधानकारक उत्तर मालकांना देता आले नाही. शिवाय क्लचच्या पेडलचे रबर झिजून गुळगुळीत झाले आहे, ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड बसली आहे आणि सर्व्हिसची एकही पावती दाखवायला नाही. यांतली एखादीच गोष्ट असती तर मी ती सोडून दिली असती. सगळ्या एकत्र पाहिल्यावर त्या रीडिंगवर माझा विश्वास बसत नाही. आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका, असे आदल्या दिवशी कळवूनही बॉनेटला हात लावला तेव्हा ते गरम होते. थंड इंजिन पहिल्या स्टार्टला कसा आवाज करते आणि सायलेन्सरमधून निळसर धूर येतो का, म्हणजे ते ऑइल जाळते आहे का, हे गरम इंजिनावरून नीट कळत नाही.

तरीही रुपेरी नको म्हणण्याचे माझे मुख्य कारण वेगळेच आहे. नव्या मोटारींना एबीएस ब्रेक एप्रिल २०१९ पासून, आणि ड्रायव्हरची एअरबॅग, सीटबेल्टची सूचना, वेगमर्यादेचा इशारा व मागचे पार्किंग सेन्सर १ जुलै २०१९ पासून सक्तीचे झाले. रुपेरी त्याआधीची आणि सर्वांत खालच्या मॉडेलची असल्यामुळे तिच्यात एअरबॅग नाही आणि एबीएसही नाही. तुला रोज बाळे ओलांडून पुणे रस्त्याने चिंचोळी एमआयडीसीपर्यंत जायचे आहे. त्या रस्त्यावर कंटेनर बारा महिने असतात आणि उसाच्या हंगामात मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या अंधार पडल्यावरही चालू असतात. अशी ट्रॉली अचानक पुढ्यात दिसली आणि करकचून ब्रेक दाबावा लागला, तर साध्या ब्रेकने चाके जागीच आवळली जातात, गाडी घसरत जाते आणि स्टीअरिंग वळवूनही वळत नाही. एबीएस असेल तर ब्रेक दाबलेला असतानाही गाडी बाजूला काढता येते. किमतीतला फरक मी आणि बाबा भरून काढू, पण या बाबतीत तडजोड करू नकोस, एवढे माझे ऐक.

पांढरी गाडी नोव्हेंबर २०१९ची आहे. ती थंड असताना पहिल्याच स्टार्टला सुरू झाली, धूर दिसला नाही, आणि ऑइलचे झाकण उघडून पाहिले तर आत मलईसारखा फेस नव्हता, म्हणजे ऑइलमध्ये पाणी मिसळल्याची खूण नव्हती. आपल्याकडच्या उन्हाचा विचार करून मी दुपारी दोनच्या सुमारास एसी लावून गाडी बराच वेळ जागेवर चालू ठेवायला सांगितली. गार हवा कमी झाली नाही आणि तापमानाचा काटाही चढला नाही. रेडिएटरमध्ये रंगीत कूलंट आहे. बोअरचे पाणी ओतत राहिल्यास आत क्षार आणि गंज धरतो, म्हणून ते मुद्दाम पाहिले. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आल्यापासून जिल्ह्यातली कोणतीही जुनी गाडी पाहताना सीटबेल्ट टोकापर्यंत ओढून पाहावा, असे मेस्त्रींनी सांगितले, कारण गाडी धुतली तरी पट्ट्याच्या आतल्या भागावर गाळाचा डाग राहतो. तिचे पट्टे स्वच्छ निघाले.

तिच्यात उणिवा नाहीत असे नाही. डावा हेडलाइट नवा आणि उजवा पिवळट आहे, डाव्याच बाजूच्या फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) बोल्टांचा रंग पान्याने उडालेला आहे. म्हणजे पुढून डावीकडे ठोकर बसलेली आहे, आणि मालकांनी ते विचारण्याआधीच सांगितले. आतला पत्रा सरळ असून कंपनीचे वेल्डिंग जसेच्या तसे आहे, त्यामुळे मला त्याची चिंता वाटत नाही. क्लच फार वर पकडतो, तेव्हा क्लच प्लेटचा खर्च लवकरच येईल. टायर मूळचे २०१९चे आहेत. नक्षी शिल्लक दिसली तरी रबर कडक होऊन कडेला बारीक भेगा पडल्या आहेत, म्हणून ते बदलावेच लागतील. या दोन्ही खर्चांची रक्कम किमतीतून वजा करून मागायला हरकत नाही.

कागदपत्रांत आरसीवर, म्हणजे नोंदणीच्या कागदावर, बँकेचा बोजा अजून दिसतो. मालकांनी कर्ज फेडल्याचे बँकेचे पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ आपल्या हाती दिल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नकोस. गाडी तुझ्या नावावर करण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० वर त्यांच्या सह्या लागतील. विमाही चौदा दिवसांच्या आत तुझ्या नावावर करण्यासाठी अर्ज करावा लागेल, आणि त्यांचा नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दलची सूट, तुला मिळणार नसल्याने हप्ता थोडा वाढेल, हे हिशेबात धर.

मालक शनिवारपर्यंत थांबायला तयार आहेत. तुझा होकार आला की बाबा विसाराची रक्कम बँकेतून पाठवतील, आणि बोजा न उतरल्यास विसार परत मिळेल, असे पावतीवर लिहून घेतील.

तुझी,
आई