मशीन नाही म्हणलं, आता अपील कुणाकडं?

मा. संपादक साहेब,

सरकारी कामात एआय येणार, सगळं ऑनलाइन होणार अशा बातम्या रोज वाचायलोत. येऊ द्या की, माझी ना नाही. डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत मोबाइलवर निघतो, आधी त्याच्यासाठी तलाठी हुडकत चकरा व्हायच्या (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, हुडकावं तेवढंच लागतं).

पण माझ्या मायचं ऐका. उभा जन्म कापूस वेचण्यात गेला, बोटावर रेषाच राहिल्या नाहीत. राशनला अंगठा लावला की मशीन घेईना. हात धुऊन बघितला, पदराला पुसून बघितला, शेवटी दुकानदार म्हणला मावशी पुढच्या आठवड्यात या. मी तालुक्याला गेलो तर साहेब म्हणले, सिस्टीम घेईना त्याला मी काय करू. आता बघा, अंगठा जुळला नाही म्हणून धान्य नाकारू नका, दुसऱ्या मार्गानं ओळख पटवून द्या, असं केंद्रानं ऑक्टोबर 2017 मध्येच कळवलंय. पण मशीनच्या विरुद्ध सही केली अन् उद्या ऑडिट लागलं तर निस्तरायचं कुणी, म्हणून कुणीच पेन उचलंना.

आपल्या राज्यात 2015 चा लोकसेवा हक्क कायदा आहे. त्यात बसणाऱ्या सेवेचा अर्ज नाकारला तर लेखी कारण द्यावं लागतं, वर दोन अपिलं, मग आयोग, अन् कसूर केली तर अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड. मग हेच अंगठ्याला का नको? स्क्रीनवर लाल अक्षरात दोन शब्द आले की झालं, नाकारलं कुणी तेच कळंना. दंड काय सर्व्हरला करायचा?

शेतीतही तेच व्हायलंय. 15 ऑगस्ट 2021 ला ई-पीक पाहणी राज्यभर आली, पेरा शेतकऱ्यानंच फोटोसकट भरायचा. हमीभावानं सोयाबीन घालायचं तर सातबाऱ्यावर पीकपेरा पाहिजे. ज्याच्याकडं बटणाचा मोबाइल आहे अन् भरून द्यायला घरी पोरगं नाही, त्याची नोंद राहिली तर सोयाबीन वावरात उभं असून कागदावर पडीक, अन् साहेब लोक धोरण ठरवायला बसले की त्यांच्यापुढं तोच कागद.

नवीन ॲप काढताना एक बटण ठेवा, नकाराची पावती छापून देणारं, खाली कारण अन् साहेबाचं नाव. मायचं दोन महिन्यांचं धान्य बुडालंय, पहिली पावती तिची काढा.

– एक शेतकरी वाचक, जि. परभणी