चाचा, तुम्ही गाडीखाली सरकवलेलं ते चाक

चाचा, सलाम.

माझ्या गाडीच्या कामाबद्दल तोंडावर आभार मानायला लागलो की तुम्ही हात वर करता आणि विषय बदलता. म्हणून लिहून काढतोय, आणि चारचौघांना वाचता येईल असं लिहितोय. तुमचं नाव घालत नाही, तसं तुम्हीच बजावलंय. पण जुन्या जालन्यातल्या निम्म्या मेकॅनिकांना हे कोणाबद्दल आहे ते कळेल. कळावंच.

परवा अंबडला जाऊन आलो. आई मागच्या सीटवर होती. येताना तिला झोप लागली. त्या रस्त्यावर, माझ्या गाडीत, कंबर दुखणाऱ्या बाईला झोप लागली, एवढं सांगितलं तरी तुम्हाला पुरे आहे. बाकीच्यांना मात्र सगळं सांगावं लागेल.

गाडी स्कोडाची लॉरा आरएस. आपल्याकडे 2011 साली आलेली, 1.8 लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, 160 पीएस ताकद. मी ती जुनीच घेतली, पण हौसेने घेतली. शॉकअप बसले होते, बुश म्हणजे सांध्यांतले रबरी तुकडे फाटले होते, म्हणून नुसतं बदलण्यापेक्षा चांगलं, कमी-जास्त करता येणारं सस्पेन्शन टाकायचं ठरवलं. स्कोडाचा कारखाना 2001 पासून शेंद्र्याला आहे, जालन्याहून संभाजीनगरला जाताना वाटेतच लागतो. वाटलं होतं, कारखाना इतक्या जवळ असताना हात लावणारा माणूस सहज मिळेल.

मिळाले ते असे. एकाने गाडी बघायच्या आत सांगितलं, "स्प्रिंगचा दीड वेढा कापून टाकू, गाडी खाली बसेल, स्पोर्टी दिसेल." वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते, गॅसने कापली तर तिथलं पोलाद मऊ पडतं, आणि कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही. हे त्याला ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. दुसऱ्याने पैसे पूर्ण घेतले, नवे बुश बसवले आणि गाडी लिफ्टवर लटकत असतानाच सगळे बोल्ट कसून टाकले. काही महिन्यांत रबर चिरलं. तक्रार घेऊन गेलो तर म्हणाला, "ही गाडी आपल्या रस्त्यांची नाही, विकून टाका." त्या वाक्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. काम बिघडू शकतं. पण स्वतःचं काम गाडीवर आणि रस्त्यावर ढकलून गिऱ्हाइकाला वाटेला लावणं हे बिघडणं नव्हे, ही नियत आहे.

म्हणून घरीच करायचं ठरवलं. या गाडीत पुढच्या शॉकअपची नळी नकलच्या, म्हणजे चाक धरणाऱ्या लोखंडी भागाच्या, कड्यात दाबून बसलेली असते. कड्याची फट जरा उघडायला एक हत्यार लागतं. ते बनवून घ्यायला लेथवाल्याकडे गेलो, तर तुम्ही तिथे चहा पीत बसला होता. तुम्ही विचारलं, "हातोडीने का नाही काढत? सगळे तसंच काढतात." मी म्हटलं, कडं चेपेल. तुम्ही बशी खाली ठेवली आणि माझा पत्ता विचारला. एवढीच आपली ओळख.

रविवारी तुम्ही कुंडलिकेच्या पलीकडून स्कूटरवर आलात. चिकलठाण्याच्या एसटीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत उभं आयुष्य काढलेला माणूस, स्प्रिंगऐवजी लोखंडी पाट्या असलेल्या बसवर हात बसलेला, माझ्या अंगणात येऊन आधी गाडीभोवती एक चक्कर मारतो आणि काहीच बोलत नाही. मला भीती वाटली, आता हेही म्हणणार की विकून टाक.

मग ते घडलं, ज्यासाठी हे पत्र आहे.

मी गाडी जॅकवर घेतली, दोन्ही बाजूंना घोड्या, म्हणजे गाडी पेलणारे लोखंडी टेकू, लावल्या, पुढचं चाक काढून भिंतीला टेकवलं आणि खाली सरकायला लागलो. तुम्ही माझ्या खांद्याला हात लावून थांबवलंत. भिंतीला टेकवलेलं चाक आणलंत, आडवं पाडून दाराखालच्या पत्र्याखाली सरकवलंत, पायाने आत ढकललंत. घोडी सरकली तरी गाडी त्या चाकावर अडावी, खालच्या माणसावर येऊ नये, म्हणून. मग मागच्या चाकाला पुढून-मागून विटा लावल्यात, छप्पर धरून गाडी दोन्ही हातांनी हलवून बघितलीत आणि मला मान डोलावून सांगितलंत, जा आता.

चाचा, मी लगेच गाडीखाली सरकलो म्हणून बरं झालं, तुम्हाला माझा चेहरा दिसला नाही. ज्या ज्या गॅरेजात गेलो तिथे मी म्हणजे बिल होतो. तुमच्यासाठी मी गाडीखाली जाणारा कोणाचा तरी मुलगा होतो. वडील ओसरीवर बसून हे बघत होते. त्यांना गाड्यांतलं ओ की ठो कळत नाही, पण ते चाक कशासाठी आहे हे त्यांना बरोबर कळलं. त्या दिवसानंतर माझ्या गाडीच्या नादाबद्दल ते एकदाही बोललेले नाहीत. मी नंतर तुम्हाला विचारलं तर तुमचं उत्तर एका ओळीचं: "वर्कशॉपात कोणी खाली गेलं की असंच करायचं, सवय आहे." ही सवय लागलेली माणसं किती राहिलीत, चाचा?

खोलायच्या-बसवायच्या कामाबद्दल लिहीत नाही, ते कुठेही मिळेल. पण तुम्ही बोल्ट कसे कसलेत ते लिहितो, कारण तिथेच आधीच्या माणसाने मला बुडवलं होतं. बुशमधलं रबर आतल्या नळीला आणि बाहेरच्या कड्याला चिकटलेलं असतं. बोल्ट कसला की आतली नळी जखडते आणि आर्म, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणारा दांडा, हलतो तो रबराच्या पिळावर. चाक लोंबकळत असताना कसलं, तर गाडी जमिनीवर टेकताक्षणी रबर पिळलं जातं आणि पिळलेलंच राहतं. तुम्ही काम सुरू व्हायच्या आधीच चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं माप खडूने भिंतीवर लिहून ठेवलं होतं. नवी उंची ठरल्यावर त्याच्याखाली नवं माप लिहिलंत, आणि जॅकने हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, तेवढा वर आणून मगच एकेक बोल्ट कसायला दिलात. लॉराच्या मागच्या बाजूला एकेका चाकाला आर्मच आर्म आहेत. तुम्ही एकही बुश सोडला नाही. उन्हं कलली होती, तुमचे गुडघे दुखत होते, ते दिसत होतं मला.

आणि तो ओळंबा! अलाइनमेंटचं मशीन नाही म्हणून मी हिरमुसलो होतो. तुम्ही शेजारच्या बांधकामावरून गवंड्याचा ओळंबा, लाइनदोरी आणि पाणी भरलेली लेव्हलची नळी मागून आणलीत. नळीने अंगण तपासलं, जिथे उतार होता तिथे चाकाखाली फरशीचे तुकडे सारले. गाडीच्या दोन्ही बाजूंना समांतर दोऱ्या ताणल्या आणि रिमची पुढची-मागची कड दोरीपासून किती लांब ते पट्टीने मोजलं. ओळंबा चाकापुढे सोडून वरच्या आणि खालच्या कडेतला फरक काढला. 17 इंची रिमवर साडेसात मिलिमीटर म्हणजे जवळपास एक अंश, हे गणित मी कागदावर मांडलं तेव्हा तुम्ही कागद हातात घेऊन पुन्हा ताडून पाहिलंत, आणि "बरोबर" म्हणालात. नंतर मशीनवर नेऊन तपासलं. फरक किरकोळ निघाला.

गाडी फार खाली आणू दिली नाहीत त्याबद्दलही आभार. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, वरचा डांबरी रस्ता लाटांसारखा होतो. अशा रस्त्यावर शॉकअपचा रिबाउंड, म्हणजे दबल्यावर परत उघडतानाचा अडसर, जास्त कडक ठेवला तर एका उंचवट्यावर दबलेली स्प्रिंग पुढचा यायच्या आत उघडतच नाही, गाडी बसत बसत शेवटी रबरी ठोकळ्यावर आपटते. तुम्ही हे पुस्तकातून सांगितलं नाहीत. अंबड रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून शॉकअपचं सेटिंग एकेक खटका सैल करायला लावलंत, आणि प्रत्येक वेळी स्वतः मागच्या सीटवर जाऊन बसलात. मी म्हटलं, पुढे बसा. तुम्ही म्हणालात, "तुझी आई मागे बसते ना?" पुढचं सेटिंग माझ्या आवडीचं, मागचं आईच्या कंबरेचं, हे तुम्ही ठरवलंत. समृद्धीवर 120 च्या मर्यादेत गाडी आता रेघ मारल्यासारखी सरळ जाते, आणि गावातल्या उंच गतिरोधकांवरून पोट न घासता उतरते.

पैशांचं पाकीट तुम्ही दोनदा परत केलंत. तुमचा हक्क होता, चाचा, कामाचे पैसे घेण्यात कमीपणा नसतो. तरी मी जास्त ताणलं नाही, कारण तुमच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जो आनंद होता तो मला मोडायचा नव्हता. जालन्यात, बीडमध्ये, परभणीत, लातुरात अशी रिटायर झालेली हातं घरोघरी बसून आहेत. त्यांना कोणी विचारत नाही, आणि आमच्यासारखे पोरं चकचकीत बोर्ड बघून नको त्या दारात जातात. कोणाच्या गल्लीत असा माणूस असेल तर त्याच्याकडे जाऊन बसा. चहा प्या. त्याने काय काय दुरुस्त केलंय ते विचारा.

तुम्ही प्रत्येक बोल्टवर पांढऱ्या रंगाची रेघ ओढून ठेवलीत आणि पाचशे किलोमीटर झाल्यावर रेघ सरकली का ते बघायला सांगितलंत. ते अंतर होत आलंय. रविवारी सकाळी गाडी घेऊन तुमच्या दारात येतो, रेघा तुमच्यासमोरच तपासू. तिथून तसेच आमच्या शेतावर जाऊ, हुरडा तयार आहे, चाचींनाही घ्या. त्या मागे आईजवळ बसतील, तुम्ही पुढे. या वेळी नाही म्हणायचं नाही.

तुमचा,
नवीन जालन्यातला लॉरावाला